आचेवरचे चीज

मराठी घरांत चीज आले ते अमूलच्या गोल डब्यातून आणि चौकोनी वड्यांतून, आणि पुष्कळ वर्षे चीज म्हणजे तेवढेच होते. सँडविचमध्ये घालायचे तेच, टोस्टवर किसायचे तेच, आणि मुलांनी डब्यात मागितले तरी तेच. आता पुण्यातल्या साध्या डेअरीच्या शीतकपाटातही मोझरेलाच्या शेजारी चेडर, गौडा, फेटा आणि पार्मेझान दिसतात. मंचरसारख्या गावी चीजचा मोठा कारखाना उभा आहे, आणि मुंबईत ब्री व कॅमेम्बेर या मऊ फ्रेंच चीजच्या धर्तीवर चीज बनवणारे छोटे उत्पादक आहेत. त्यांतल्या एकाने तर आपल्या चीजना ‘बॉम्ब्री’ आणि ‘कॅमेम्बे’ अशी खोडकर नावे देऊन टाकली आहेत. माल वाढला, पण तो घेताना मनात येणारा प्रश्न फारसा बदललेला नाही. हे वितळते का, आणि वितळले तर त्याची तार निघते का, एवढेच आपण विचारतो. तार निघाली तर चीज चांगले, नाही तर पैसे वाया, असा सरळ हिशेब असतो.

मला हा प्रश्न चुकीचा वाटत नाही. स्वयंपाक करणाऱ्याने चीजविषयी विचारावा असा पहिला प्रश्न खरोखर हाच आहे, फक्त त्याचे हो किंवा नाही एवढे उत्तर ऐकून थांबू नये. अमुक चीज का वितळते आणि तमुक का वितळत नाही हे एकदा ध्यानात आले की कोणते तव्यावर टाकायचे, कोणते ओव्हनमध्ये ठेवायचे आणि कोणते गॅस बंद केल्यावरच घालायचे, हे पाकिटावरच्या नावावरून बऱ्यापैकी कळू लागते आणि पाककृती शोधत बसण्याची गरज निम्मी होते.

यासाठी लागणारे बरेचसे ज्ञान आपल्या घरांत आधीपासून आहे. दूध घट्ट करण्याच्या तीन रीती मराठी स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. विरजण लावले की जिवाणू दुधातली साखर खातात, आम्ल तयार होते आणि दही लागते; ते फडक्यात टांगले की चक्का. तापलेल्या दुधात लिंबू पिळले की दूध फाटते आणि पनीर मिळते. आणि गाईम्हशीच्या चिकात मुळातच इतकी प्रथिने असतात की नुसती वाफ दिली तरी खरवस जमून येतो. पहिल्या रीतीत काम आम्लाचे, तिसरीत उष्णतेचे आणि मधलीत दोघांचे. जगातल्या बहुतेक नामांकित चीजची रीत मात्र चौथी आहे आणि ती आपल्या घरांत कधी रुजली नाही. ती रेनेटची.

रेनेट मूळचे दूधपित्या वासराच्या जठरातले. दुधात केसीन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म गोळे तरंगत असतात आणि त्यांच्या अंगावरच्या बारीक लवेमुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. रेनेटमधले विकर, म्हणजे एन्झाइम, ही लव कापून टाकते. मग उघडे पडलेले गोळे दुधातल्याच कॅल्शियमच्या आधाराने एकमेकांशी जोडले जातात, आणि उकळी न आणता, फारसे आंबट न होऊ देता, कोमट दुधाचा सुरीने कापता येईल असा थर लागतो. यात लक्षात ठेवायचे ते कॅल्शियम. प्रथिनांचे हे जाळे कॅल्शियमच्या सांध्यांनी बांधलेले असते, आणि ते सांधे किती घट्ट राहिले आहेत यावरच त्या चीजचे तव्यावरचे वागणे ठरते.

थर लागल्यावरही जिवाणूंचे काम चालूच असते, आणि जसजसे आम्ल वाढते तसतसे कॅल्शियम सांध्यांतून सुटून पाण्यात उतरते. दुधाचा सामू, म्हणजे आंबटपणाचे माप (आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त), ६.६ च्या आसपास असतो. तो ५.२ ते ५.४ च्या घरात आला की सांधे नेमके इतके सैल होतात की गरम झाल्यावर प्रथिने एकमेकांवरून सरकू शकतात, पण विखुरत नाहीत. मोझरेला करणारे लोक हीच वेळ साधून तो गोळा गरम पाण्यात मळतात, ताणतात आणि दुमडतात, त्यामुळे आतले धागे एका दिशेने लागतात आणि पुढे पिझ्झ्यावर तार निघते. आम्ल याहून बरेच कमी राहिले तर सांधे सुटतच नाहीत, आणि फार वाढले तर सांधायला कॅल्शियमच उरत नाही. सायप्रसचे हलूमी पहिल्या टोकाला बसते आणि ग्रीसचे फेटा दुसऱ्या. हलूमी आंबट होऊच देत नाहीत, शिवाय त्याच्या वड्या त्याच दुधाच्या पाण्यात उकळीच्या जवळ तापवून घेतात. म्हणून ते तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस होते, आकार सोडत नाही आणि दाताखाली करकरते. फेटा इतके आंबट असते की ओव्हनमध्ये मऊ पडते, कडांना किंचित रंग धरते, पण वाहत नाही.

वितळत नाहीत म्हणून आपण दोघांना एकाच माळेत ओवतो, पण कारणे उलटी आहेत आणि म्हणून ताटातली कामेही वेगळी. हलूमी हा भाजून खाण्याचा पदार्थ आहे: बोटभर जाड काप, पुसून कोरडे केलेले, तापलेल्या तव्यावर अगदी थोड्या तेलात, आणि शेजारी कलिंगडासारखे काहीतरी गार, रसाळ. फेट्याला मात्र मी मीठ आणि आंबट यांच्या जागी धरते. काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीत फेटा कुस्करायचा असेल तर लिंबू आणि मीठ दोन्ही बाजूला ठेवावे आणि शेवटी चव पाहूनच हात सोडावा. खरे फेटा मेंढीच्या दुधाचे असते, त्यात ३० टक्क्यांपर्यंत शेळीचे दूध चालते, आणि २००२ पासून युरोपीय संघात हे नाव ग्रीसपुरते राखीव आहे. आपल्याकडे त्या नावाने मिळते ते बहुधा गाईच्या दुधाचे असते आणि चवीला सौम्य लागते. कोशिंबिरीला ते पुरते.

पनीर या दोघांच्याही वाटेने जात नाही. पनीरसाठी दूध आधी ८०-९० अंशांपर्यंत तापवलेले असते, आणि तेवढ्या उष्णतेत दुधातली दुसरी प्रथिने, जी एरवी पाण्याबरोबर निघून गेली असती, ती उलगडून केसीनला घट्ट बिलगतात. मग आम्ल पडते आणि सगळे एकदम साकळते. अशी दुहेरी बांधणी पुन्हा तापवून सुटत नाही, आणि म्हणून मटारच्या रश्श्यात अर्धा तास उकळूनही पनीरचा तुकडा तुकडाच राहतो. तळलेले पनीर चामट होते ही तक्रार याच कारणाने येते: ते वितळू शकत नाही, फक्त पाणी गमावू शकते. तळून लगेच मिठाच्या गरम पाण्यात टाकले तर गेलेल्या ओलाव्यापैकी थोडा परत येतो. हलूमीसाठी भरमसाट पैसे मोजायचे नसतील तर घरचे पनीर जड वरवंट्याखाली चांगले दाबून, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून तव्यावर भाजावे. करकर येणार नाही, पण खरपूसपणा येतो.

देशी चीजमध्ये तार निघणारा प्रकार नाही असे समजण्याचे मात्र कारण नाही. जम्मूकडे, उधमपूरच्या परिसरात, कलारी नावाचे चीज करतात. आंबट निवळीने फाडलेल्या सायीच्या दुधाचा गोळा ताणून, थापून त्याच्या चकत्या सुकवतात, आणि खाताना ती चकती नुसती तव्यावर टाकतात. तिच्याच स्निग्धांशात ती परतली जाते, बाहेरून तांबूस कवच धरते आणि आत लोण्यासारखी मऊ, ताणली जाणारी राहते. मग ती कुलच्यात घालून खायची. बंगालमध्ये हुगळीकाठी पोर्तुगीज वसले तिथले बँडेल चीज अगदी दुसऱ्या स्वभावाचे आहे. ते लहान, खारट, बहुधा धुरी दिलेले, कोरडे असते, आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवल्याशिवाय खाता येत नाही. आचेशी त्याचे काही देणेघेणे नाही. ते भातावर, कोशिंबिरीवर कुस्करावे.

पिझ्झ्याचा विषय टाळता येत नाही, कारण घरात ओव्हन येतो तोच बहुतेक त्याच्यासाठी. ताज्या मोझरेलाचे पाण्यातले पांढरेशुभ्र गोळे दिसायला मोहक असतात, पण ते नेपल्सच्या भट्टीसाठी आहेत. तिथे साडेचारशे अंशांच्या आसपास पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात भाजून निघतो आणि चीजमधले पाणी बाहेर पसरायला सवडच मिळत नाही. आपला घरगुती ओव्हन अडीचशे अंशांवर धापा टाकतो, पिझ्झ्याला दहा-बारा मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात त्या गोळ्यातले पाणी पोळीत मुरून मधला भाग गचका होतो. घरी कमी पाण्याचे, ठोकळ्याच्या रूपात मिळणारे मोझरेलाच घ्यावे, आणि ताजेच वापरायचे असेल तर चिरून, फडक्यात गुंडाळून तासभर निथळू द्यावे. किसलेले तयार पाकीट सोयीचे खरे, पण किस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यावर बहुधा स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड असते आणि वितळताना ती आड येते. ठोकळा आणून किसायला पाच मिनिटे लागतात, ती द्यावीत. त्यात थोडे गौडा मिसळले तर चव खोल होते. गौडा करताना थरातले पाणी काढून त्या जागी गरम पाणी घालतात, त्यामुळे दुधातली साखर धुऊन जाते, आम्ल मर्यादेत राहते आणि चीज गोडसर लागते.

चीज फाटण्याचा प्रकार मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण घरी सॉस करताना सर्वांत जास्त निराशा तिथेच पदरी पडते. चांगले, महागाचे चेडर किसून गरम दुधात टाकावे आणि पाहता पाहता तळाशी रबरासारखा गोळा आणि वर तेलाचा तवंग उरावा, असे होते. चेडर साधारण ६५ अंशांना वितळते, पार्मेझानला ८० च्या वर जावे लागते, आणि मऊ मोझरेला ५५ लाच सैल होते. याहून फार वर नेले की प्रथिने आकसून एकमेकांना आवळतात आणि त्यांनी धरून ठेवलेले पाणी व तूप दोन्ही पिळून बाहेर येते. एकदा आवळलेला गोळा ढवळून पुन्हा सैल होत नाही. त्यामुळे पहिला नियम आचेचा: सॉस आधी पूर्ण शिजवावा, गॅस बंद करावा, उकळ बसू द्यावी आणि मग मूठ मूठ किस घालत जावा.

दुसरा नियम स्टार्चचा. अर्धा लिटर दुधाला ३० ग्रॅम लोणी आणि ३० ग्रॅम मैदा, हा व्हाइट सॉस आता मराठी घरांत सरसकट होतो. मैद्यातला स्टार्च दाट होऊन प्रथिनांच्या आणि तुपाच्या थेंबांच्या मध्ये उभा राहतो, त्यांना एकत्र येऊ देत नाही, आणि म्हणून त्यात दीडशे ग्रॅम चेडर निर्धास्तपणे विरघळते. पास्ता उकडलेले पाणी फेकू नये असे इटलीतले स्वयंपाकी बजावतात त्यामागे हेच कारण आहे. रोममध्ये पास्त्याला नुसते पेकोरीनो हे मेंढीच्या दुधाचे चीज, मिरपूड आणि तेच पिठूळ पाणी यांवर एक पूर्ण पदार्थ उभा राहतो. किस आधी चमचाभर कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून घेतला तरी चालते.

तिसरी गोष्ट आम्लाची, आणि ती मला सर्वांत चतुर वाटते. स्वित्झर्लंडमध्ये फाँड्यू करताना चीज व्हाइट वाइनमध्ये वितळवतात. वाइनमधली आम्ले कॅल्शियमला धरून ठेवतात, केसीनचे सांधे मोकळे होतात, आणि मोकळे झालेले केसीन स्वतःच तूप आणि पाणी यांना एकत्र राखण्याचे काम करू लागते. वाइन नको असलेल्या घरात लिंबाचा रस तेच करतो, कारण त्यातल्या सायट्रिक आम्लालाही कॅल्शियमची ओढ असते. एरवी दूध फाडणारे लिंबू इथे चीजला फाटू देत नाही, हे पहिल्यांदा करताना मनाला पटत नाही, पण सॉस दाणेदार होऊ लागला की चमचाभर रस घालून मंद आचेवर घोटून पाहावे.

हीच युक्ती कारखान्यात नेली की प्रोसेस्ड चीज तयार होते. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीज सोडियम सायट्रेटसह, म्हणजे सायट्रिक आम्लाच्याच क्षारासह, वितळवून पुन्हा थापले आणि त्यातून न फाटणारे, महिनोन्‌महिने टिकणारे चीज निघाले. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. आपल्या डब्यातले आणि वडीतले चीज याच घराण्यातले आहे. चीजचे जाणकार त्याच्याकडे नाक मुरडून पाहतात, आणि चवीपुरते बोलायचे तर त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मुंबईच्या फुटपाथवर कोळशावरच्या किंवा गॅसवरच्या टोस्टरमध्ये बटाटा, बीट, हिरवी चटणी यांच्यासोबत दाबले जाणारे चीज जाणकारांच्या पसंतीचे असते तर ते सँडविच तेलकट होऊन हातातून ओघळले असते. त्या सँडविचला प्रोसेस्ड चीजच लागते, आणि घरी करतानाही मी त्यात दुसरे काही घालत नाही. चेडरचा सॉस फार हट्टी वागत असेल तर त्यात एक वडी प्रोसेस्ड चीज किसून टाकावी. तिच्यातले क्षार बाकीच्या चीजलाही सांभाळून घेतात. मात्र खरेदी करताना पाकिटाची मागची बाजू वाचावी. ‘प्रोसेस्ड चीज’ आणि ‘ॲनालॉग’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्यात दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पती तेल असू शकते, आणि ते स्वस्त का आहे याचे उत्तर तिथेच लिहिलेले असते.

वितळण्याच्या या सगळ्या कथेत पार्मेझान बसत नाही, आणि मला ते सर्वांत प्रिय आहे. इटलीत पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि आसपासच्या ठरलेल्या भागात बनते तेच पार्मिजानो रेज्जानो. एका चाकाला साधारण साडेपाचशे लिटर दूध लागते, ते भरते चाळीस किलोच्या आसपास, आणि किमान १२ महिने मुरल्याशिवाय ते विकता येत नाही. दोन-तीन वर्षे मुरलेलेही मिळते. इतक्या काळात पाणी कमी होते आणि प्रथिनांचे लांब धागे तुटून लहान लहान होतात. ताणायला धागाच शिल्लक नसतो, त्यामुळे तार कुठून निघणार? पण त्या तुटण्यातूनच मुक्त ग्लुटामेट तयार होते, १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमहून अधिक, आणि डाळ-टोमॅटोच्या घट्ट सारात जी जिभेवर रेंगाळणारी चव असते तीच येथे दाटून आलेली असते. दाताखाली कचकचणारे पांढरे कण म्हणजे टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक. ते मिठाचे खडे किंवा बुरशी समजून काढून टाकू नयेत.

म्हणून पार्मेझान मी चीज म्हणून वापरत नाही, मसाल्यासारखे वापरते. ते शेवटी, आच बंद केल्यावर, बारीक किसणीने वरून घालायचे. चमचा-दोन चमचे पुरते, आणि मीठ आधीच कमी घातलेले असावे. भाजणीच्या थालीपिठावर लोण्याच्या गोळ्याऐवजी ते कधीतरी किसून पाहावे, भाजलेल्या धान्याची आणि मुरलेल्या दुधाची चव एकमेकांना ओळखत असल्यासारखी जुळते. याचे सालपट तर मुळीच टाकू नये. ते मेणाचे नसते, वाळलेले चीजच असते. राजमा, चवळी किंवा भाज्यांचे सूप मंद आचेवर शिजत असताना बोटभर तुकडा त्यात सोडावा. तासाभरात तो मऊ, फुगीर होतो आणि रसाला अंग देतो. हिरवा मसाला आणि गोडा मसाला यांच्या सोबतीला मात्र मी हे करत नाही, तिथे दोघांपैकी एकाचा अपमान होतो.

आता ज्या प्रश्नापाशी अनेक मराठी घरांतली चीजची खरेदी अडते त्याकडे यायला हवे. माझ्या आईने पहिल्यांदा पार्मेझानचे पाकीट हातात घेतले तेव्हा चव घेण्याआधी तिने विचारले होते, “हे जमवलंय कशानं?” प्रश्न रास्त होता. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांत वासराचेच रेनेट बसते, त्यामुळे ते शाकाहारी असूच शकत नाही, आणि पाकिटावर हिरवा ठिपका असलेले ‘पार्मेझान’ हे त्या धर्तीवर केलेले दुसरे चीज असते. भारतात बनणारे बहुतेक चीज मात्र बुरशीपासून किंवा सूक्ष्मजीवांकडून मिळवलेल्या विकराने जमवतात. प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांकडून करवून घेतलेल्या कायमोसिनला, म्हणजे रेनेटमधल्या दूध जमवणाऱ्या त्याच विकराला, अमेरिकेत १९९० मध्ये मान्यता मिळाली आणि वासरांवरचे अवलंबन जगभरच पुष्कळ कमी झाले. चवीत फरक पडतो का, यावर जाणकार भांडतात; दोन वर्षे मुरवलेल्या चीजमध्ये तो जाणवत असेलही, सहा महिन्यांच्या चेडरमध्ये मला तो कधी कळलेला नाही.

दूध जमवणारी वनस्पतीही आपल्या उपखंडात आहे. अश्वगंधेच्या कुळातल्या एका झुडपाची फळे वाळवून ‘पनीरफूल’ किंवा ‘पनीर डोडी’ या नावाने काष्ठौषधीच्या दुकानांत विकली जातात, आणि ती भिजवलेल्या पाण्याने कोमट दूध खरोखरच जमते. मुंबई आणि सुरतच्या पारशी घरांत लग्नकार्याला होणारे टोपली पनीरही नावाने पनीर असले तरी आपल्या पनीरचे भावंड नव्हे. ते न उकळलेल्या, केवळ कोमट दुधाला जठररसाने जमवून, लहान टोपल्यांत निथळून, त्याच्याच खारट पाण्यात तरंगत ठेवतात. बोटाने दाबले तर थरथरते इतके ते मऊ असते. ते शिजवायचा विचारही करू नये. पावाच्या तुकड्यासोबत गारच खावे.

चक्क्याचे महत्त्व मला चीजकडे वळल्यानंतर अधिक कळले. क्रीम चीज हेही विरजणाने आंबवलेले आणि निथळलेले असते, फक्त त्यात साय जास्त. त्यामुळे म्हशीच्या दुधाचा घट्ट चक्का, रात्रभर टांगून वर वजन ठेवलेला, थोडी फेटलेली साय मिसळून भाजक्या चीजकेकमध्ये सहज चालतो. भाजताना तो ठिसूळ होऊन चिरू नये म्हणून चमचाभर कॉर्नफ्लोअर घालावे आणि आच दीडशे-एकशेसाठच्या वर नेऊ नये. येथेही आम्ल भरपूर आणि कॅल्शियम सुटलेले असल्याने वितळण्याची भानगडच नसते. पनीर करून उरलेल्या पाण्यात पोळ्यांची कणीक भिजवण्याची पद्धत बहुतेक घरांत असतेच. इटलीत चीजनंतर उरलेले गोडे पाणी पुन्हा तापवून त्यातल्या प्रथिनांपासून रिकोटा काढतात. आपल्या पनीरच्या पाण्यातून मात्र रिकोटा निघत नाही, कारण ती प्रथिने पनीरने आधीच घेतलेली असतात. पाण्यात काही राहिलेच नाही, म्हणजे पनीर नीट झाले.

एका गोष्टीबद्दल मात्र मला राग आहे, आणि तो म्हणजे दिसेल त्यावर चीज किसण्याचा. चीज पावभाजी, चीज डोसा इथपर्यंत मी समजून घेते, कारण त्या पदार्थांत लोणी मुळातच असते आणि चीज त्याच अंगाने जाते. चीज मिसळ मात्र माझ्या पचनी पडत नाही. मिरचीतला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन स्निग्धांशात विरघळते आणि केसीन त्याला धरून ठेवते. तिखट लागल्यावर दूध प्यावे म्हणतात ते म्हणूनच. मग ज्या कटासाठी कांदा-खोबरे भाजले, मसाला वाटला, तर्री वर येईपर्यंत उकळले, त्याच कटाची धार शेवटच्या क्षणी मूठभर किसाने बोथट करण्यात काय हशील आहे? चीज घालायचेच असेल तर ते तिखटाला थोपवण्यासाठी मुद्दाम योजावे. भावनगरी मिरचीत मोझरेला आणि उकडलेला बटाटा भरून ती तव्यावर भाजली की मिरचीचा वास राहतो, तिखट बेताचे होते, आणि तारही निघते.

साठवणीविषयी थोडेच. चीज प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले की घामेजते, उघडे ठेवले की वाळते. बटर पेपरमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावे. पावसाळ्यात चेडर किंवा पार्मेझानसारख्या कडक चीजवर बुरशी आली तर तिच्या भोवतीचा इंचभर भाग कापून बाकीचे वापरता येते, पण मऊ चीज, पनीर किंवा किसलेल्या चीजवर ती दिसली तर सगळेच टाकावे. ब्रीवरची पांढरी मखमल ही मुद्दाम वाढवलेली बुरशी आहे आणि ती खायची असते. चीज गोठवले तर त्याचा पोत मोडतो, मात्र सॉससाठी किंवा पिझ्झ्यासाठी ठेवायचे असेल तर किसून गोठवायला हरकत नाही.

आणि फ्रीजमध्ये गौड्याची एक चकती, चेडरचा कोपरा, ब्रीचा वाळका तुकडा असे सगळे एकदमच उरले असेल, तर फ्रान्समधल्या काटकसरी घरांची युक्ती उचलावी. ते असे तुकडे लसूण आणि थोड्या व्हाइट वाइनसोबत वाटून भांड्यात भरून ठेवतात. मी वाइनऐवजी दोन चमचे साय आणि अर्ध्या लिंबाचा रस घालते, मिरपूड भरपूर, मीठ अजिबात नाही, आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवते, म्हणजे भांडे तापून तूप सुटत नाही. फ्रीजमध्ये हे आठवडाभर टिकते, लसूण दुसऱ्या दिवसापासून अधिक बोलू लागतो, आणि शिळ्या पावाच्या जाड तुकड्यांवर लावून वरच्या आचेखाली तीन-चार मिनिटे धरले की फुगून तांबूस होते. फक्त निळ्या बुरशीचे चीज त्यात चिमूटभरच घालावे, नाहीतर बाकी सगळ्यांना ते बोलू देत नाही.